दहाच्या पटीत

कारखान्याच्या काट्यावर माझं काम एवढंच:
ट्रॉली आली की भरलेलं वजन,
ऊस गव्हाणीत पडून ती माघारी आली की रिकामं,
मग मधली वजाबाकी.
पावती फाडायची, शिक्का मारायचा, पुढची.

मलाही एकदा असंच फाडून दिलं होतं.
तेरा वर्षांची नोकरी, एक कागद,
त्यावर इंग्रजीत चार ओळी. मराठीत त्यांचा अर्थ
गडी जड आणि गुडघा हलका.
पाच किलोमीटरला अठ्ठावीस मिनिटं हवी होती,
मला अठ्ठावीस पन्नास.
तिसऱ्या संधीला घड्याळ धरणारा माझ्याच बॅचचा होता,
त्यानं बुटांकडं बघत आकडा सांगितला.

गावात सांगितलं, मुदत भरली.
लोकांनी फेटा बांधला, जीपवर उभं केलं,
बालिंग्याच्या पुलापासून घरापर्यंत हलगी.
मी हात जोडलेले,
हाराखाली पोट आत ओढून धरलेलं.
खरं फक्त उज्वलाला माहीत. ती काही बोलली नाही,
पांढऱ्या रश्श्याचं पातेलं तेवढं
आठवड्यावरून महिन्यावर गेलं.

मार्गशीर्षात एका रात्री गव्हाण अडकली,
रांग थांबली, मळीचा वास जागेवर बसला.
केबिनमधून उतरलो आणि काट्याच्या मधोमध उभा राहिलो.
साठ टनांच्या लोखंडावर एकटा माणूस.
आत पडद्यापुढं मुबारक ड्रायव्हर. ओरडला,
"नव्वद!"
हा काटा दहाच्या पटीतच बोलतो.
अलीकडचं पलीकडचं त्याला कळत नाही.

तेव्हापासून रातपाळी चारला सुटली की
पुलापासून फुलेवाडी नाका, नाक्यापासून पूल.
म्हशी घेऊन गंगावेशीकडं निघालेले गवळी थांबून बघायचे.
"काय गा, कुत्रं लागलंय व्हय मागं?"
"व्हय. तेरा वर्षांचं हाय."
गुडघ्याला उज्वलानं शिवलेली पट्टी,
तिच्याच जुन्या परकराची, निळी.

पौष: नव्वद.
माघ: नव्वद.
फाल्गुनात, शेवटच्या चार गाड्या उरल्या तेव्हा, ऐंशी.
म्हणजे काट्याच्या मते
मी दहा किलो एका रात्रीत उतरलो.

टेंबलाईला टेरिटोरियलची भरती.
छातीवर मार्करनं चारशे बारा.
पुढं उभा पोरगा कागलचा, मिसरूड फुटलेलं,
मी पहिल्यांदा रांगेत उभा होतो तेव्हा
हा बालवाडीत डबा सांडत असणार.
मला काका म्हणाला, आणि शेवटच्या वळणावर
मागं टाकून गेला.
तरी बसलो वेळेत.

टेबलामागच्या सुभेदारानं त्या चार ओळी वाचल्या,
चष्म्यावरून बघितलं. "फिर क्यों?"
हिंदीत पाठ करून आणलेलं उत्तर होतं माझ्याकडं,
देश वगैरे सगळं नीट.
तोंडातून आलं ते मराठीतच,
साहेब, पन्नास सेकंद राहिल्यात माझ्या तिथं.
त्याला समजलं का नाही, ठाऊक नाही.
शिक्का मारला. पुढचा.

आता गावात विचारतात,
"मुदत भरलीती नव्हं तुझी?"
चावडीवर, दूध संस्थेत, न्हाव्याकडं.
पहिल्यांदा खाली बघितलं.
दुसऱ्यांदा सांगून टाकलं, पडलो होतो म्हणून.
जीप ज्याची होती तो थोडा वेळ गप्प बसला,
मग म्हणाला, डिझेल तरी भरून दे मर्दा.

जायच्या आदल्या रात्री काट्यावर कुणीच नव्हतं.
उज्वलाला केबिनमध्ये बसवलं,
बटणं दाखवली.
ट्रंकेसकट मी: एकशे दहा.
नुसती ट्रंक: तीस.
तिनं बोटांवर नाही, कागदावर वजाबाकी केली,
पावतीवर तारीख घातली, माझं नाव घातलं,
मालाच्या रकान्याशी येऊन पेन थांबलं.
काचेतून मान बाहेर काढून म्हणाली,
"हितं काय, ऊस लिहू?"